जुना रंग खरवडताना

मे महिन्याच्या सुट्टीत शाळेत गेले तर पुष्कळदा एक विशिष्ट आवाज ऐकू येतो. पत्र्याच्या पात्याने लाकूड खरवडल्याचा. बाके व्हरांड्यात आडवी केलेली असतात, रंगाऱ्याच्या हाताखालची मुले पॉलिश पेपर घेऊन त्यांवर घासत असतात आणि सगळीकडे रंगाची बारीक भुकटी पसरलेली असते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा भुकटी झाडून टाकलेली असते. आपल्याला दिसतो तो फक्त नवा रंग.

अर्धवट खरवडलेल्या बाकाची कड जरा जवळून पाहावी. वर तपकिरी, त्याखाली हिरवा, मग पिवळा, मग राखाडी आणि अगदी तळाशी पांढरट किंवा शेंदरी अस्तर. भूगोलाच्या शिक्षकांना खडकांचे थर आठवतील. नियमही तोच आहे. थर जितका खाली तितका जुना. पण खडकांच्या आणि रंगाच्या थरांत एक फरक आहे. रंगाच्या थरांतला जुना थर बऱ्याचदा विषारी असतो, आणि जोवर त्याला कोणी हात लावत नाही तोवर ते विष जागच्या जागी पडून असते. ते मोकळे होते ते रंग काढताना.

रंग लावण्याच्या कलेवर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. रंग काढण्याचा इतिहास मात्र रंगाऱ्यांच्या आजारांच्या नोंदींत, कायद्यांच्या कलमांत आणि इस्पितळांच्या अहवालांत विखुरलेला आहे. तो गोळा करून वाचला म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. रंग काढण्याची प्रत्येक नवी युक्ती आधीच्या युक्तीतला धोका टाळण्यासाठी आली आणि आपल्याबरोबर स्वतःचा धोका घेऊन आली.

रंग निघत का नाही?

आधी एक साधा प्रश्न विचारू. लाकडावरचे फ्रेंच पॉलिश स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढता येते, मग तैलरंग का निघत नाही? फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. स्पिरिट उडून गेले की लाख मागे राहते. पुन्हा स्पिरिट लावले की ती पुन्हा विरघळते. तैलरंगाचे तसे नाही. तैलरंगातले जवसाचे तेल 'वाळते' असे आपण म्हणतो, पण त्यातून काही उडून जाण्याने ते वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेते आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे एक जाळे तयार होते. ज्यांच्या प्रयोगशाळेत चांगला तराजू आहे त्यांनी काचेच्या पट्टीवर जवसाच्या तेलाचा पातळ थर देऊन पट्टीचे वजन रोज करून पाहावे. सुरुवातीच्या काळात वजन कमी न होता वाढते. एकदा हे जाळे विणले गेले की मूळचे तेल परत मिळत नाही. दुधाचे दही झाल्यासारखेच ते.

या जाळ्याला आणखी चिवट कोणी केले असेल तर शिशाने. पांढऱ्या रंगासाठी शतकानुशतके वापरला गेलेला सफेदा म्हणजे शिशाचे आम्लारीयुक्त कार्बोनेट. मातीच्या मडक्यात व्हिनेगर ओतून वर शिशाच्या पट्ट्या ठेवायच्या आणि ती मडकी घोड्याच्या लिदीत काही महिने पुरून ठेवायची, ही तो बनवण्याची डच पद्धत. हा सफेदा तेलाशी संयोग पावून शिशाचे साबण बनवतो. त्यामुळे रंगाचा थर लवचीक होतो, उन्हापावसात तडकत नाही, लाकडाला घट्ट धरून राहतो. तेल लवकर वाळावे म्हणून त्यात मुरदाडशिंग घालून उकळत. तेही शिशाचे ऑक्साइड. मारुतीला लावतात तो परंपरागत शेंदूर हे शिशाचेच दुसरे ऑक्साइड, आणि अस्तरासाठी तो जगभर वापरला गेला. (लोखंडी फाटकांना लावतात ते 'रेड ऑक्साइड' वेगळे. ते लोखंडाचे संयुग आहे. दिसायला जवळचे असल्याने दोन्हींची गल्लत होते.) सोनेरी पिवळा क्रोम यलो म्हणजे शिशाचे क्रोमेट. त्यात निळा मिसळला की झकास हिरवा रंग मिळे.

जुना रंग जितका चांगला, तितके त्यात शिसे जास्त असण्याचा संभव आणि तितकाच तो काढायला अवघड. रंगारी ज्या थराला 'अस्सल जुने काम' म्हणून नावाजतात तोच थर काढताना सगळ्यांत अधिक घासावा लागतो.

राखेचे पाणी आणि आगीची जीभ

खरवडण्याचे कष्ट वाचवण्याची सगळ्यांत जुनी रासायनिक युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. लाकडाच्या राखेचे पाणी अल्कधर्मी असते. त्यात चुना मिसळला की ते फार दाहक होते. हे पाणी रंगावर चोपडून ठेवले की रंग मऊ पडतो. का, ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळले. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तेले आणि चरब्या यांवरचे आपले संशोधन १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तेलावर अल्काची क्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन बनते, हे त्यातून स्पष्ट झाले. रंगाच्या थरातही तेच घडते. आपण अक्षरशः रंगाचा साबण करतो आणि तो धुऊन टाकतो. पुढे विजेच्या साहाय्याने मिठापासून कॉस्टिक सोडा स्वस्तात बनू लागला आणि राखेची गरज संपली.

१९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये पाइनच्या लाकडाचे उघडे, बिनरंगाचे फर्निचर घरात ठेवण्याची टूम निघाली. जुनी कपाटे आणि दरवाजे कॉस्टिक सोड्याच्या मोठ्या हौदांत बुडवून रंग काढून देणारे कारखानेच उभे राहिले. गंमत अशी, की यातले बहुतेक पाइनचे सामान गरिबाघरचे होते आणि ते मुळात रंग देण्यासाठीच बनवलेले होते. उघडे ठेवावे असे ते लाकूड त्याच्या सुताराला कधी वाटले नसते. आपल्याकडे याच्या उलट घडले आहे. उत्तम सागवानाच्या दारांवर तैलरंगाचे थरावर थर चढवले गेले, आणि आता मुंबईच्या चोर बाजारात किंवा ओशिवऱ्याच्या जुन्या सामानाच्या दुकानांत तो रंग काढून आतले सागवान दाखवले की किंमत वाढते.

कॉस्टिक सोड्याचा जाच लाकडाला होतो. टॅनिन असलेले ओकसारखे लाकूड काळे पडते, रेषा उमटून पृष्ठभाग खरखरीत होतो, सरसाने जोडलेले सांधे सुटतात. माणसाची कातडी भाजते, आणि डोळ्यात थेंब उडाला तर दृष्टी जाऊ शकते. शिवाय शिसे नाहीसे होत नाहीच. ते अल्कात काही प्रमाणात विरघळते आणि लाकडाच्या रंध्रांत मुरते. असे 'स्वच्छ' दिसणारे लाकूड नंतर कोरडे घासले तर ते पुन्हा धुळीच्या रूपाने बाहेर येते.

दुसरी युक्ती आगीची. स्वीडनमध्ये कार्ल रिचर्ड न्यूबर्ग याने १८८२ च्या सुमारास ब्लो लॅम्पचा व्यवसाय सुरू केला. या दिव्यात इंधनाची आधी वाफ होते आणि ती दाबाने बाहेर पडून निळी, तीक्ष्ण ज्योत देते. आपल्याकडे घरोघरी पोचलेला प्रायमस स्टोव्ह याच दिव्याच्या भाऊबंदांपैकी. ज्योत फिरवली की रंगाला फोड येतात आणि पात्याने तो सालपटासारखा निघतो. हे पाहणे मोठे समाधानाचे असते यात शंका नाही. काम झपाट्याने होते, लाकूड कोरडे राहते. म्हणून विसाव्या शतकात जगभरचे रंगारी या दिव्यावर खूश होते. पण कोरड्या लाकडाच्या जुन्या घरात उघडी ज्योत, ही एक भीती. दुसरी भीती डोळ्यांना न दिसणारी. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, आणि तापमान सुमारे ६०० अंशांच्या पुढे गेले की रंगातल्या शिशाची वाफ धोकादायक प्रमाणात हवेत मिसळू लागते. ब्लो लॅम्पची ज्योत याहून कितीतरी तप्त असते.

एका कागदावरून झालेले राजकारण

रंगाऱ्यांना होणारे पोटशूळ, हिरड्यांवरची निळसर रेघ, मनगट लुळे पडून हात खाली लोंबणे या गोष्टी वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होत्या. इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात चित्रकार-रंगारी आहेत. फ्रान्सच्या तांकरेल दे प्लांश या डॉक्टरने १८३९ साली शिशाच्या विषबाधेवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातल्या रोग्यांत रंगारी आहेतच. पण विष शरीरात शिरते कोणत्या क्षणी? रंग कालवताना, लावताना, की काढताना? याचे उत्तर हळूहळू स्पष्ट होत गेले. ओला रंग हातापुरता धोक्याचा. कोरडा रंग घासताना उठणारी धूळ मात्र श्वासाबरोबर जाते, मिशांवर बसते, भाकरीवर बसते.

१९२१ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने शिशाच्या सफेद्याविषयी एक करार संमत केला. इमारतींच्या आतल्या रंगकामात, काही अपवाद सोडून, या सफेद्यावर बंदी घालावी आणि अठरा वर्षांखालील मुलांना आणि स्त्रियांना त्याच्या औद्योगिक कामाला लावू नये, ही त्यातली मुख्य कलमे. याच करारात आणखी एक कलम आहे, ते मला फार महत्त्वाचे वाटते. कोरडे घासणे आणि खरवडणे यांतून उठणाऱ्या धुळीपासून कामगारांना वाचवण्याचे उपाय शक्य तेथे योजावेत, असे ते सांगते. एका आंतरराष्ट्रीय करारात पॉलिश पेपरने घासण्याचा उल्लेख यावा, ही साधी गोष्ट नव्हे.

योगायोग पाहा. अमेरिकेत फ्रान्सिस ओकी या संशोधकाची कल्पना घेऊन थ्री-एम या कंपनीने त्याच १९२१ साली पाण्यात भिजवून वापरता येईल असा पॉलिश पेपर बाजारात आणला. तोवरचा कागद सरसाने चिकटवलेला असे. पाणी लागले की वाळूचे कण सुटून येत. नव्या कागदाने ओले घासता येऊ लागले. धूळ उडण्याऐवजी तिचा चिखल होऊ लागला. मोटारी रंगवणाऱ्या कारखान्यांना तो फार उपयोगी पडला. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात 'वॉटर पेपर' म्हणून मिळणारा काळा कागद हा त्याचाच वंशज.

वाचकांना वाटेल, प्रश्न सुटला. पण इथेच गोष्टीला वळण मिळते. ब्रिटनमध्ये सफेद्याचे कारखानदार आणि रंगकामाचे मोठे ठेकेदार यांना बंदी नको होती. त्यांच्या बाजूचा युक्तिवाद असा झाला, की खरा धोका कोरडे घासण्यातच आहे, आता ओला कागद आला आहे, तेव्हा सफेद्यावर बंदी कशाला? ब्रिटिश सरकारने हे मान्य केले. १९२६ साली ब्रिटनने जिनिव्हाचा करार न स्वीकारता, बंदीऐवजी नियमनाचा स्वतःचा कायदा केला. कारखान्यांचे पहिले वैद्यकीय निरीक्षक सर टॉमस लेग हे १८९८ पासून त्या पदावर होते आणि शिशाच्या विषबाधेचा त्यांच्याइतका अभ्यास क्वचितच कोणाचा असेल. सरकार करार मान्य करत नाही असे दिसताच त्यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला.

ओला कागद ही उत्तम गोष्ट आहे. लेग यांनाही तसेच वाटत असणार. पण विष रंगात राहू द्यायचे आणि सावधगिरीचे ओझे घासणाऱ्याच्या हातावर टाकायचे, हा सौदा त्यांना पटला नाही. आणि १९२६ मध्ये जो रंग लावला गेला तो पुढे कधीतरी काढावा लागणार होताच. काढणारा माणूस वेगळा, काळ वेगळा, त्याच्या हातात कोणता कागद असेल याचा नेम नाही.

मुलांची बोटे

आतापर्यंत आपण रंगाऱ्यांबद्दल बोललो. मुलांची गोष्ट ऑस्ट्रेलियात सुरू होते. ब्रिस्बेनच्या बालरुग्णालयात जेफरिस टर्नर या डॉक्टरांना १८९० नंतरच्या काळात शिशाची विषबाधा झालेली मुले दिसू लागली. शिसे येते कोठून ते कळेना. त्यांचे सहकारी लॉकहार्ट गिब्सन हे नेत्रतज्ज्ञ. या मुलांच्या डोळ्यांच्या नसांना सूज येत असे, म्हणून ती त्यांच्याकडे येत. १९०४ साली गिब्सन यांनी बोट दाखवले ते घरांच्या व्हरांड्यांकडे. क्वीन्सलँडच्या कडक उन्हात लाकडी कठड्यांवरचा रंग भुकटी होऊन सुटत असे. मुले कठड्याशी खेळत आणि मग बोटे चोखत, नखे चावत. क्वीन्सलँडने १९२२ साली मुलांच्या हाताला लागतील अशा ठिकाणी शिशाचा रंग वापरण्यावर कायद्याने निर्बंध आणले.

शिसे लहान मुलांनाच अधिक का बाधते? शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते आणि वाढत्या हाडांना कॅल्शियमची भूक मोठी. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे दहावा भाग शोषला जातो, तर लहान मुलात जवळजवळ निम्मा जाऊ शकतो. त्यातच मेंदू घडत असतो.

हे मेंदूचे नुकसान मोजण्याच्या कामात शिक्षकांचा मोठा वाटा आहे, हे आपल्या वाचकांना सांगितलेच पाहिजे. बालरोग आणि मानसरोग या दोन्हींचे जाणकार हर्बर्ट नीडलमन यांना एक अडचण होती. रक्तातले शिसे काही आठवड्यांत कमी होते, मग जुनी बाधा ओळखायची कशी? त्यांनी दुधाच्या दातांचा आधार घेतला. दातांत शिसे साठून राहते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील चेल्सी आणि सॉमरव्हिल या गावांच्या शाळांत पहिली-दुसरीच्या मुलांनी पडलेले दात आणून दिले. दोन हजारांहून अधिक मुलांच्या वर्गशिक्षकांनी प्रश्नावल्या भरल्या. मूल लक्ष देते का, हाती घेतलेले काम पुरे करते का, सूचना पाळू शकते का, दिवास्वप्नांत रमते का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. १९७९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातांतले शिसे जसे वाढत गेले तसे शिक्षकांचे प्रतिकूल शेरेही पायरीपायरीने वाढत गेले होते. यांतले एकही मूल रूढ अर्थाने 'आजारी' नव्हते. वर्गात ज्याला आपण धांदरट किंवा आळशी म्हणतो, तसे ते मूल होते एवढेच.

अमेरिकेने १९७८ साली घरगुती रंगातल्या शिशावर मर्यादा घातली. पण जुन्या घरांच्या भिंती, खिडक्या, दारे आधीच रंगलेली होती. मग सरळ उपाय दिसला. विषबाधा झालेले मूल सापडले की त्याच्या घरातला जुना रंग काढून टाकायचा. बाल्टिमोर, बॉस्टन अशा शहरांत तो अमलात आला. कामगार आले, ब्लो लॅम्पने रंग जाळला, यंत्राने लाकूड घासले, कचरा झाडला आणि गेले. मूल घरी परतले. आणि अनेक मुलांच्या रक्तातले शिसे कमी होण्याऐवजी वाढले.

बाल्टिमोरमध्ये मार्क फारफेल आणि जूलियन चिझम यांनी रंग काढण्यापूर्वी आणि नंतर घरांतली धूळ तपासली. त्यांचा अहवाल १९९० सालचा. रंग काढल्यावर लगेच घरातल्या धुळीतले शिसे कितीतरी पटींनी वाढलेले होते, आणि सहा महिन्यांनंतरही ते पूर्वीइतके किंवा पूर्वीहून जास्तच होते. बॉस्टनमधल्या मुलांच्या रक्ताच्या तपासण्यांतूनही तेच दिसले. ज्योतीने रंग जाळलेल्या घरांतल्या मुलांत वाढ सर्वाधिक, कोरडे घासलेल्या घरांत त्याहून कमी. जिथे रंग न काढता तो झाकून टाकला होता किंवा सबंध दार-खिडकीच बदलली होती, तिथल्या मुलांच्या रक्तातले शिसे उतरले होते. औषधानेच रोग वाढवला होता.

असे का व्हावे, याचे गणित आठवीचा विद्यार्थी करू शकेल. अमेरिकेतल्या व्याख्येप्रमाणे दर चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅम शिसे असले की तो शिशाचा रंग. एक चौरस फूट म्हणजे सुमारे ९२९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक चौरस फूट रंगात ९२९ मिलिग्रॅम शिसे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीत हे सारे धूळ होऊन सारखे पसरले, तर जमिनीच्या दर चौरस फुटाला सुमारे ९,२९० मायक्रोग्रॅम होते. अमेरिकेने २००१ साली जमिनीवरच्या धुळीसाठी धोक्याची पातळी ठरवली होती ती चौरस फुटाला ४० मायक्रोग्रॅमची, आणि २०१९ मध्ये ती १० वर आणली. समजा शंभरातला एकच भाग धूळ झाला आणि बाकीचे तुकडे उचलून नेले, तरी ९३ मायक्रोग्रॅम उरतात. आणि हा हिशेब केवळ एक चौरस फुटाचा. एका बाकाचा पृष्ठभाग याच्या कितीतरी पट असतो. २०१० पासून अमेरिकेत जुन्या घरांत पैसे घेऊन काम करणाऱ्यांना उघड्या ज्योतीने रंग जाळण्यास आणि धूळ शोषून घेण्याची सोय नसलेल्या यंत्राने तो घासण्यास मनाई आहे.

हृदयविकाराचा झटका

धूळ नको, ज्योत नको, दाहक सोडाही नको. मग उरते द्रावक. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्लटन एलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने, ज्याच्या नावावर पुढे सातशेहून अधिक पेटंटे जमा झाली, रंग काढणारे द्रव तयार करून आपली कारकीर्द सुरू केली. बेंझीन आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात त्याने मेण घातले. द्रावक उडू लागले की पृष्ठभागावर मेणाची साय धरते आणि खालचे द्रावक उडून न जाता रंगात मुरत राहते. युक्ती इतकी चांगली, की ती पुढेही टिकून राहिली. (म्हणूनच असे द्रव वापरल्यावर लाकूड टर्पेंटाइनने पुसून घ्यावे लागते. मेण राहिले तर नवा रंग धरत नाही.) पण बेंझीन पेट घेते आणि रक्ताचा कर्करोगही घडवते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मिथिलीन क्लोराइडचा बोलबाला झाला. याचा रेणू छोटा, तो रंगाच्या जाळ्यात सहज घुसतो. जाळे विरघळत नाही, पण फुगते, सुरकुतते आणि लाकडापासून सुटते. काही मिनिटांत रंगाचा थर सायीसारखा गोळा होतो. ते सहजी पेट घेत नाही, लाकूड काळे करत नाही, धूळ उडवत नाही. हेच ते निर्दोष औषध असे अनेकांना वाटले.

१९७२ साली रिचर्ड स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात लिहिले, की मिथिलीन क्लोराइडची वाफ श्वासावाटे घेतलेल्या माणसांच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड वाढतो. धूर नाही, कोळसा नाही, शरीर स्वतःच या पदार्थापासून तो वायू तयार करते. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. चार वर्षांनी स्टुअर्ट यांनीच एका निवृत्त गृहस्थाची हकिकत प्रसिद्ध केली. ते आपल्या तळघरात जुन्या फर्निचरचा रंग काढत बसले होते. काही तासांच्या कामानंतर त्यांना हृदयविकाराचा झटका आला. बरे झाल्यावर त्यांनी राहिलेले काम पुन्हा हाती घेतले. पुन्हा झटका. काही महिन्यांनी तिसऱ्यांदा त्यांनी तो डबा उघडला, आणि त्या खेपेला ते वाचले नाहीत. डब्यातल्या द्रवाचा आणि हृदयाचा संबंध असेल हे कोणाच्या मनात यावे? वास गोडसर, त्रास काही नाही.

पुढे बाथटबचा रंग काढणारे कामगार बंद न्हाणीघरात मेलेले सापडू लागले. २००० ते २०११ या काळात अमेरिकेत असे तेरा मृत्यू झाल्याची नोंद आहे. मिथिलीन क्लोराइडची वाफ हवेहून जड असते. टबात वाकून काम करणाऱ्याच्या तोंडाशीच ती साचते. युरोपीय संघाने रंग काढण्यासाठी हे द्रावक सामान्य ग्राहकांना विकण्यावर २००९ साली बंदी ठरवली, अमेरिकेने २०१९ मध्ये.

आपल्या शाळेत

भारतात घरगुती आणि शोभेच्या रंगांतले शिसे दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगांत, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, तांबड्या आणि हिरव्या छटांत, शिसे भरपूर असू शके. शाळेच्या बाकांचे, खिडक्यांचे, कपाटांचे, बालवाडीतल्या घोड्याचे जे थर २०१७ च्या आधीचे आहेत, त्यांत शिसे आहे असे धरूनच चालावे.

मग करायचे काय? रंग घट्ट बसलेला असेल, पोपडे येत नसतील, तर तो काढूच नये. साबणाच्या पाण्याने धुवावा, वॉटर पेपरने ओला असतानाच हलका हात फिरवावा आणि वर नवा रंग द्यावा. बॉस्टनच्या त्या घरांत झाकून टाकण्याचाच उपाय लागू पडला होता. पोपडे सुटत असतील तर तेवढाच भाग पाणी शिंपडत खरवडावा. खाली प्लास्टिक अंथरावे. विद्यार्थ्यांना या कामाला लावू नये, श्रमदान म्हणूनही नाही. झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके टाकून द्यावे. काम करणाऱ्याने हातपाय धुतल्याखेरीज डबा उघडू नये, आणि कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. रंग काढण्याचा द्रव विकत आणला तर डब्यावर मिथिलीन क्लोराइड किंवा डायक्लोरोमिथेन ही नावे आहेत का ते वाचावे. दोन्ही एकाच पदार्थाची नावे आहेत. असतील तर डबा परत करावा.

आणि मोडकी बाके, जुन्या दारांच्या फळ्या, खिडक्यांच्या चौकटी होळीत टाकू नयेत, शाळेच्या पोषण आहाराच्या चुलीतही घालू नयेत. लाकूड जळते, तेल जळते, शिसे जळून नाहीसे होत नाही. काही धुराबरोबर स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या नाकात जाते, उरलेले राखेत राहते. ती राख परसातल्या भाजीला घालू नये आणि तिने भांडी घासू नयेत.